दोघांचा रकाना

पोर्ट व्हिला, ४ मार्च

आत्या,

तुझ्या शिस्तीप्रमाणे आधी खुशाली. मी ठीक, आई ठीक, मांजर तुझ्या नवऱ्यासारखं दिवसभर पसरलेलं असतं. आता कामाचं बोलते.

आमचं ऑफिस उत्तरेकडच्या बेटांवरच्या दवाखान्यांसाठी वेबसाइट करतंय, हे तुला नाताळात सांगितलं होतं. नर्सने औषध दिलं की ते कसं घ्यायचं, परत कधी यायचं, हे टॅबवर मोठ्या अक्षरांत दिसणार. सध्या सगळं बिस्लामात आहे. बिस्लामा ही सगळ्या बेटांची सामाईक भाषा, बाजारात चालते, जहाजावर चालते. पण तूच म्हणाली होतीस की रोवेलवरच्या म्हाताऱ्यांना तापात कोणी बिस्लामात समजावलं तर ते नुसती मान डोलावतात आणि घरी जाऊन गोळ्या छपरात खोचून ठेवतात. म्हणून मी आमच्या साहेबांच्या मागे लागून आपली भाषा त्यात घ्यायला लावली.

आणि तिथेच घोडं अडलं. या प्रोग्रामला मोजायच्या फक्त दोन तऱ्हा माहीत आहेत: एक आणि अनेक. एकाच्या पुढे गेलं की त्याच्या लेखी सगळी जत्राच. आपल्याकडे एकाचं वेगळं, दोघांचं वेगळं, तिघांचं वेगळं आणि मग बाकी गर्दीचं. साहेब म्हणाले, "तीनसाठी वेगळा शब्द कशाला लागतो तुम्हाला?" मी म्हटलं, "चुलीला दगड किती लागतात?" तेव्हापासून ते मला काही विचारत नाहीत.

नियम मी लिहिला आहे. आता प्रत्येक वाक्य चार रकान्यांत चारदा लिहायचं, आणि प्रत्येक रकान्यासाठी नमुन्याचं एकेक वाक्य द्यायचं. तिकडे बाबा दवाखान्याच्या टॅबवर लिहायला तयार आहेत. इतकी वर्षं चर्चमध्ये वाचन करणाऱ्या माणसापेक्षा शुद्ध कोण लिहिणार? पण आमच्याकडे एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासावं लागतं. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल फुली, आणि खुणेशेजारी तपासणाऱ्याचं नाव. मास्तरीणबाई, बेटावर लाल शाईचा तुझ्याइतका अनुभव कोणाला आहे?

ऑगस्टअखेर साइट सुरू होते. तोवर आपली वाक्यं तपासून झाली नाहीत तर रोवेलचा दवाखाना बिस्लामातच उघडेल, आणि मग पुन्हा कोण कशाला आपल्या भाषेचं नाव काढेल? हो म्हण.

तुझी,
रोवीना

* * *

रोवेल, १९ मार्च

रोवीना,

पत्र मिळालं. टॉवर वादळात वाकला तो अजून वाकलेलाच आहे. दवाखान्याला स्वतःची डिश आहे, आम्हा बाकीच्यांना शाळेमागच्या कातळावर चढलं की तेवढी रेंज येते. मी घरी बसून लिहिते आणि मग चढून पाठवते, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर माझ्या गुडघ्यांना विचार.

तू आपल्या भाषेसाठी साहेबाशी भांडलीस हे वाचून मला रडू आलं. तुझ्या आतोबाने विचारलं काय झालं, मी म्हटलं धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेलीच नव्हती. तुला सात वर्षांची असताना व्हिलाला नेलं तेव्हा मला वाटलं होतं, गेली ही पोर आपल्या हातची. बोलताना अडखळतेस अजून, पण चुलीचे दगड विसरली नाहीस.

एक सांगून ठेवते. दोन आणि तीनच्या रकान्यात आकडा घालायला लावू नकोस. आपण "दोन गोळ्या" असं आकडा लावून म्हणत नाही, शब्दातच दोन असतात. आकडा घातलास तर म्हाताऱ्या म्हणतील, ही दवाखान्याची पेटी आम्हाला वेडं समजते.

आता तपासायचं. तुझ्या वडिलांनी लिहिलेलं मी तपासायचं, असं म्हणतेस. तपासून खूण करायची, आणि शेजारी माझं नाव. बरं. तू सांगते आहेस तर करते.

नवी कोनफळं निघाली आहेत. जहाज आलं की चार पाठवते. आईला म्हणावं नालोत करताना नीरफणस गरम असतानाच कुटायचा, व्हिलाची माणसं तो गार करून कुटतात आणि मग नारळाला नावं ठेवतात.

तुझी आत्या,
हेस्टर

* * *

पोर्ट व्हिला, ११ मे

आत्या,

आज मी तुझ्यावर रागावले आहे, तेव्हा खुशाली नाही.

बाबांनी सगळी वाक्यं लिहून पाठवली तेव्हा मी ऑफिसात नाचले होते. दुसऱ्याच दिवसापासून तुझ्या हिरव्या खुणा यायला लागल्या. सगळ्या हिरव्या, एकही लाल नाही. मला वाटलं, काय ही भावंडं! साहेबांना दाखवलं. त्यांनी रोवेलच्या नर्सकडे चाचणीची साइट पाठवली.

काल नर्सचा फोन आला. तिने स्वतःच्याच मुलीचं नाव घालून पाहिलं, तापाचं औषध, दोन गोळ्या. आणि टॅबवर आलं: तीन गोळ्या घ्या. तिने तीन घालून पाहिलं तर दोन आल्या. आत्या, दोघांच्या रकान्यात तिघांचं वाक्य आहे आणि तिघांच्या रकान्यात दोघांचं. एके ठिकाणी नाही, जागोजागी. आकडा नाही म्हटल्यावर वाचणाऱ्याला कळायला दुसरा मार्गच नाही. नर्स हुशार म्हणून निभावलं. एखादी आई असती तर? लहान मुलाला तिसरी गोळी गेली असती!

माझी भाषा तुटकी आहे हे कबूल, पण दोन आणि तीन मला कळतात. मला कळतात तर तुला कळले नाहीत? तू पहिलीच्या पोरांच्या स्पेलिंगमधली अक्षरं मोजून घ्यायचीस. मग मला एकच अर्थ लागतो: तू वाचलंच नाहीस. कातळावर गेलीस, डोळे मिटून सगळीकडे हिरवं केलंस आणि उतरलीस.

आणि आता राहवत नाही म्हणून विचारते. तुझं आणि बाबांचं काय बिनसलं आहे? तू पत्रात कधी त्यांचं नाव लिहीत नाहीस. चर्चमध्ये ते उजवीकडे, तू डावीकडे. लहानपणी मी पाहिलं आहे, ते अंगणात आले की तू मागच्या दाराने जायचीस. जमिनीवरून असेल, नाहीतर आईवरून असेल. जे काही असेल ते असो, पण त्यात दवाखान्यातल्या पोरांना कशाला ओढायचं?

साहेब म्हणाले, तपासणारा विश्वासाचा नसेल तर भाषा काढून टाकू. मी जुलैअखेरपर्यंत मुदत मागितली आहे.

रोवीना

* * *

रोवेल, २३ मे

व्हिलाच्या महाराणी, कोंबडीच्या पायांच्या रोवीनाबाई,

मी तुझा आतोबा. आत्याच्या नवऱ्याने भाचीची टर उडवायची आणि भाचीने त्याची, ही आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेली एकमेव रीत मी आजवर मनापासून पाळली. तेव्हा रागावण्याचा तुला हक्क नाही. तुझं मांजर माझ्यासारखं आहे हेही मी वाचलं. मांजराला सांग, त्याच्या भाग्याला सीमा नाही.

तुझं पत्र आल्यापासून तुझी आत्या नीरफणसाखाली बसून चटई विणते आहे. कोणाशी बोलत नाही, माझ्याशीसुद्धा नाही. पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी जेवणही मिळालं नाही, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. ती तुला काही सांगणार नाही. तिला सांगताही येत नाही. मी सांगतो, कारण तुझ्याशी वाटेल ते बोलायची मला मुभा आहे.

अगं बावळट, भांडण कसलं? तुझ्या बापावर तिचा जेवढा जीव आहे तेवढा माझ्यावर असता तर मी आज जाडा असतो. मुलगा पुरुषांच्या घरात झोपायला गेला की त्या दिवसापासून बहीण त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. त्याचं नाव घेत नाही, तो तिचं घेत नाही. एका चटईवर बसत नाहीत. तो येताना दिसला की ती वाट सोडते. याला भांडण म्हणत नाहीत, मान म्हणतात. बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून तुला कोणी सांगितलं नाही. कोणाला वाटलं तुला ठाऊक नसेल?

आता तू काय केलंस ते बघ. भावाने लिहायचं, बहिणीने त्यावर फुली मारायची, ती पण लाल, आणि शेजारी स्वतःचं नाव लावायचं. सगळ्या दुनियेला दिसेल असं. भावाच्या डोक्यावरून पाय टाकून जायला सांगितलंस तिला. आणि ती नाहीही म्हणू शकली नाही, कारण तू तिच्या भावाची लेक. इकडे आड, तिकडे विहीर. ती रोज कातळावर चढायची. वाचायची, रडायची, हिरवं करायची. मी खाली उभा असायचो, शेळी हाकतोय असं दाखवत. आमच्याकडे शेळी नाही.

आणि आता दुसरी गोष्ट. ही ऐकून घे आणि आरडाओरडा करू नकोस. तुझ्या बापाला दिसत नाही. डोळ्यांत नारळाच्या दुधासारखं पांढरं उतरलं आहे. चर्चमध्ये तो वाचत नाही, पाठ म्हणतो. परवा त्याने आधीच्या रविवारचाच उतारा पुन्हा म्हटला. सगळं चर्च मान खाली घालून बसलं, जणू नवाच आहे. तुझे ते चार रकाने त्याला चार धुरकट चौकोन दिसत असणार. अक्षरं बोटांच्या सवयीने पडतात, म्हणून वाक्यं शुद्ध आहेत, घरं चुकली.

त्याला सांगणार कोण? बहिणीला बोलता येत नाही. मी त्याचा मेहुणा, मला तर मान वर करून बघताही येत नाही. मी त्या एकट्या माणसाला मानासाठी "तुम्ही दोघं" म्हणतो आणि वाकून बाजूने जातो. नर्स सुनेच्या नात्याची. असं करत करत बेटावर एक माणूस उरला नाही जो त्याला म्हणेल, बाबा रे, तुला दिसत नाहीये. तोही कोणाला कळू देत नाही. त्याला वाटतं, दिसत नाही म्हटलं तर वाचन जाईल, आणि वाचन गेलं तर मग तो कोण?

आता तुझी अक्कल चालव. नुसत्या पोस्टाच्या पेटीएवढ्या डोक्याचा काही उपयोग असेल तर तो याच वेळी.

तुझा सोशिक
आतोबा

* * *

पोर्ट व्हिला, ३० मे

आत्या,

आतोबांचं पत्र मिळालं. त्यांना रागावू नकोस, त्यांनी बरं केलं.

मी ते ऑफिसात वाचलं आणि बाहेर जाऊन धक्क्यावर बसले. तुला काय काय लिहिलं होतं मी! डोळे मिटून हिरवं केलंस म्हणाले. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, पण मी दक्षिणेकडची. तुमच्याकडच्या रीती मी कशाला शिकवू?" मला माफ कर म्हणायचीही लाज वाटते, पण म्हणते. मला माफ कर.

बाबांना दवाखान्यात बोलावून फोन केला. मी डोळ्यांचं काही काढलं नाही. ते म्हणाले, "नवं काही लिहायचं असेल तर पाठव, हात मोकळा आहे." आवाज इतका खुशीत होता की मी कोनफळांचं विचारून फोन ठेवला. मी त्यांच्याकडून काम काढून दुसऱ्याला देऊ शकते. साहेब तेच म्हणताहेत. पण मग त्यांना कळेल का काढलं ते, आणि बेटालाही कळेल. ते मला करायचं नाही. आणि चुकीची वाक्यं मला साइटवर जाऊ द्यायची नाहीत. ही दोन्ही टोकं धरून बसले आहे.

म्हणून तुला एक विचारते. समज, ते कोनफळं खणायला निघालेत आणि तुला दिसतंय की वेल अजून हिरवा आहे, कंद पोसला नाही. तुला बोलायचं नाही, थांबवायचं नाही. मग तू काय करतेस? की उभी राहून बघतेस?

रोवीना

* * *

रोवेल, ९ जून

रोवीना,

माफीचं राहू दे. मूल पडलं की आपण जमिनीला मारतो, मुलाला नाही. तुला सात वर्षांची असताना नेलं त्यांची ही चूक, आणि "हिला ठाऊक असेल" म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांची.

पण मी वाचलं नाही असं मात्र म्हणू नकोस. प्रत्येक वाक्य वाचलं. जिथे दोघांच्या घरात तिघं बसली होती तिथे माझं बोट लाल फुलीवर नेलं आणि ते खाली उतरेना. आयुष्यभर पोरांच्या वह्या लाल केल्या, इन्स्पेक्टरच्या अहवालातली चूक त्याच्यासमोर काढली. इथे बोट लाकडाचं झालं. मनाला सांगितलं, नर्स बघेल, कोणीतरी बघेल. नर्सच्या मुलीचं ऐकलं तेव्हा मला चूल पेटवायचंही सुचलं नाही. तुझ्या आतोबाला वाटतंय मी त्याच्यावर रुसून स्वयंपाक केला नाही.

तू कोनफळाचं विचारलंस. उभी राहून बघत नाही. पान ठेवते.

नामेलेचं पान. आपल्या झेंड्यावर दोन आहेत ती पानं, व्हिलात राहून तेवढी तरी बघितली असशील. माणूस येण्याआधी वेलाच्या काठीला ते बांधायचं आणि निघून जायचं. तो येतो, पान बघतो, कुदळ खांद्यावर टाकून परततो. कोणी बांधलं हे तो विचारत नाही. त्या मळ्यात ज्याचा वाटा आहे त्याला बांधायचा हक्क आहे, आणि भावाच्या मळ्यात बहिणीचा वाटा असतोच. पानाने कोणाचा अपमान होत नाही. पान म्हणत नाही की तू चुकलास. पान म्हणतं, अजून नको.

मी त्यांना "चूक" म्हणू शकत नाही, रोवीना. "अजून नको" म्हणू शकते.

तुझ्या त्या यंत्रात पान बसतं का बघ.

आत्या

* * *

पोर्ट व्हिला, २ जुलै

आत्या, आणि शेजारून वाकून वाचणारे आतोबा,

पान बसलं.

लाल फुली काढून टाकली, निदान आपल्या भाषेपुरती. तिच्या जागी पान आहे. ते आमच्या ऑफिसातल्या मुलीने काढलं, पहिल्यांदा केळीचं वाटत होतं, चारदा काढायला लावलं. पान ठेवलं की ते वाक्य साइटवर जात नाही, नुसतं थांबतं. लिहिणाऱ्याने बदललं की पान गळून पडतं. शेजारी कोणाचंही नाव दिसत नाही. नाव फक्त हिरव्या खुणेशेजारी.

साहेब म्हणाले, "फुली काय, पान काय, फरक काय पडतो?" मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला बहीण आहे?" ते म्हणाले आहे, ब्रिस्बेनला, नऊ वर्षं झाली बोलणं नाही. मी विचारलं, मान म्हणून? ते म्हणाले, नाही, घरावरून. मग म्हणाले, ठेव पान.

दुसरं म्हणजे चारही रकान्यांना आता वेगळे रंग आहेत, आणि अक्षर बोटाने ओढून हवं तेवढं मोठं करता येतं. हे मी सगळ्याच भाषांसाठी केलं आहे, म्हणजे कोणा एकासाठी केलं असं दिसणार नाही. बाबांना इतकंच कळवलं की तपासणीची रीत बदलली, अक्षर ओढून मोठं करता येतं, आणि जाता जाता, ऑगस्टमध्ये व्हिलाला डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत, बेटावरून कोणाला यायचं असेल तर.

तुझ्या जुन्या सगळ्या खुणा मी पुसल्या आहेत. पाटी कोरी आहे. आता तुला जे वाटेल ते कर.

आतोबा, पोस्टाची पेटी म्हणालात ना? तुमच्या डोक्यात पत्र टाकलं तर ते पोचायला शंभर वर्षं लागतील.

रोवीना

* * *

रोवेल, २७ जुलै
(जहाजाने आलेलं, हाताने लिहिलेलं)

रोवीना बाळा,

ओळी वाकड्या आल्या तर जुळवून घे. हे मी कोणाकडून लिहवून घेतलेलं नाही. लिहवून घेण्यासारखं नाही.

तुझी नवी पाटी उघडली. तू अक्षर ओढून मोठं करायचं म्हणालीस, म्हणून ओढत गेलो. ओढता ओढता एकच शब्द सगळ्या काचेवर आला तेव्हा मला तो वाचता आला. म्हटलं, बरी सोय आहे. मग खाली सरकवलं तर एक हिरवं काहीतरी. आणखी मोठं केलं. नामेलेचं पान होतं.

पुढच्या वाक्यावरही होतं. त्याच्या पुढच्यावरही. मी मोजणं सोडून दिलं. जिथे जिथे पान होतं तिथे रंग बघितले, आणि घरं उलटी पडली आहेत हे मला कळलं. मी कोणाकोणाच्या तोंडात कुठल्या गोळ्या घालणार होतो, हेही कळलं. मला लाज वाटली. पण त्याहून दुसरं काहीतरी फार जास्त वाटलं, ते तुला सांगतो.

पान कोणी ठेवलं ते पानावर लिहिलेलं नाही, आणि मी विचारणार नाही. पण तपासणारं माणूस एकच आहे. पुरुषांच्या घरात गेलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, मी तिच्याशी नाही. तसंच असायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या लग्नात ती होती, तुझ्या बारशाला होती, तुझी आई व्हिलाला निघून गेली तेव्हा माझ्या दारात शिजवलेला अळकुड्यांचा टोप रोज यायचा. ती कधी दिसायची नाही, टोप दिसायचा. पण टोप म्हणजे टोप. हे बोलणं होतं. इतक्या वर्षांत माझ्या बहिणीने मला काहीतरी सांगितलं. अजून नको, म्हणाली. मी त्या टॅबसमोर बसून हसत होतो, आणि तुझे आतोबा कुंपणापलीकडून वाकून जाताना दिसले. म्हणजे काहीतरी वाकून गेलं, ते तेच असणार.

वाक्यं सगळी सुधारली. रंगांवर बोट ठेवून एकेक केलं. नर्सला तिच्या नवऱ्याकरवी निरोप देऊन बसवून घेतलं आणि तिने मोठ्याने वाचून खात्री केली. तिला मी स्वतःच सांगितलं की मला दिसत नाही. ती म्हणाली, "हो, मामंजी." जणू मी पाऊस पडतोय म्हणालो.

चर्चमध्येही सांगितलं. वाचन सोडतो म्हणालो. सगळे म्हणाले, सोडू नका, पाठ म्हणा, फक्त उतारा कोणता ते आधी कोणीतरी कानात सांगेल. इतकं सोपं होतं ते, पोरी.

डोळ्याचे डॉक्टर व्हिलाला येतात म्हणतेस ते ऑगस्टच्या मध्याला ना? कोनफळं लावून झाली की विमानाने येतो. तुझ्या आईला कळव, म्हणजे तिला कुठे जायचं असेल तर जाता येईल. राहिली तरी चालेल.

एक बदल न विचारता केला आहे. दोघांच्या रकान्यात मी नमुन्याचं वाक्य दिलं होतं, "दोन होड्या किनाऱ्याला लागल्या." ते काढलं, दुसरं घातलं. तुला त्यात विशेष वाटणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. पान आलं तर जुनं परत घालेन.

तुझा,
बाबा

* * *

रोवेल, १५ ऑगस्ट

रोवीना,

तुझे वडील काल विमानात बसले. मी धावपट्टीच्या या टोकाला गवत कापत होते, ते त्या टोकाला. गवत कापायची वेळ नव्हती, पण गेले. तुझे आतोबा त्यांची पिशवी घेऊन इतके वाकून चालत होते की पायलटने विचारलं, पाठीत उसण भरली का.

कातळावर जाऊन नवी वाक्यं पाहिली. एकही पान ठेवायची वेळ आली नाही. दवाखान्याच्या सगळ्या वाक्यांना हिरव्या खुणा केल्या. तुमची साइट ऑगस्टअखेर उघडू दे, कोणाच्या पोराला तिसरी गोळी जाणार नाही.

मग नमुन्याची वाक्यं उघडली. एकाचं तेच होतं, तिघांचं तेच, गर्दीचं तेच. दोघांचं नवं होतं. तू वाचलं असशील: "दोघं भिजून घरी आली, आणि कोणी काही सांगितलं नाही."

तुला त्यात काही दिसणार नाही, म्हणून सांगते. आम्ही ओहोटीला खेकडे धरायला प्रवाळावर गेलो होतो. भरती कधी चढली कळलं नाही. त्याचा पाय कपारीत अडकला आणि कापला, तो रडायला लागला. मी पाय सोडवला, त्याला पाठीवर घेतलं आणि छातीपर्यंतच्या पाण्यातून किनाऱ्याला आणलं. वाटेत तो म्हणाला, मी रडलो ते कोणाला सांगू नकोस. मी म्हटलं, नाही सांगणार. पुढच्याच कोनफळांच्या हंगामात तो पुरुषांच्या घरात गेला. त्याचं माझ्याशी शेवटचं म्हणावं असं बोलणं तेच. मी सांगितलं नाही, आजपर्यंत कोणालाच नाही, नवऱ्यालाही नाही. मला वाटायचं तो विसरला असेल. मुलगे विसरतात.

कातळावर बसून ते वाक्य मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खालून तुझ्या आतोबाने हाक मारली, शेळी सापडली का म्हणून. मी खूण केली. हिरवी. पहिल्या वेळी केल्या होत्या त्या मानाच्या होत्या, तुला फसवणाऱ्या होत्या. ही खरी म्हणून केली, आणि मला हवी म्हणून केली.

आता माझं एक काम कर. ऑपरेशननंतर डोळ्यांवरची पट्टी निघाली की आधी तू समोर उभी राहा, त्यांना लेक दिसू दे. मग तो दोघांचा रकाना उघडून त्यांच्या हातात दे. अक्षर मोठं करू नकोस, आहे तेवढंच ठेव. हिरव्या खुणेशेजारी माझं नाव आहे.

माझं नाव त्यांना घेता येत नाही. वाचता येईल.

आत्या